चोवीस अंशांचं कपाट

शलाकाने कपाट उघडलं. आतल्या औषधी भांगेच्या चारही झाडांची पानं कडेने वर वळली होती, अन् शेंड्यांवर पिवळट नर फुलं लोंबत होती. उकाडा असह्य झाला की मादी झाडालाही अशी नर फुलं येतात. मग सगळ्या फुलांत बी धरतं आणि औषधात काही राम उरत नाही.

बाहेर चंद्रपूर एक्कावन्न अंशांवर भाजून निघत होतं. नियमाप्रमाणे एका घराला थंडाव्याचं एकच यंत्र मिळे. त्यांचं यंत्र या कपाटाला जोडलेलं होतं, कारण तिच्या आठ वर्षांच्या लेकीच्या, रेणूच्या, फिट्स फक्त या झाडांच्या अर्काने थांबत.

तिने तापमानाची नोंद पाहिली. महिनाभर रोज दुपारी, ती कामावर असताना, चोवीसचा आकडा चौतिसावर गेला होता.

"हे दार कोण उघडतं? आबा, तुम्ही?"

ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेले सासरे गडबडले. "अगं, रेणूच म्हणाली, दुपारी झाडांना हवा द्यायची असते. मी तासभर समोर बसून राखण करायची."

"रेणू! तीन महिन्यांचं औषध गेलं तुझं! आता फिट आली तर?"



"आबा गेल्या महिन्यात दुपारी उकाड्याने घेरी येऊन पडले होते. तुला सांगू नको म्हणाले." रेणूने आबांचा हात घट्ट धरला. "फिट आली की मला आबाच धरतात ना, आई."