दोघांची चार मतं

धाकटी कॉलेजसाठी कोणती शाखा निवडते, यात तिच्याहून जास्त फायदा दादा-वहिनीचा होता. लग्नापासूनचा त्यांचा वाद एकदाचा निकालात निघणार होता. दादा कॉम्प्युटर सायन्सचा, वहिनी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची. दोघं एकाच ऑफिसात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून एकच काम करतात, पण घरी मात्र ‘माझीच पदवी खरी’ हा हेका. धाकटीला याच दोन शाखांपैकी एक निवडून संध्याकाळी पाचपर्यंत प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता.

जेवताना दादा म्हणाला, “पाया पक्का हवा ना? मग माझंच घे.”

“जन्मभर पायाच खणणार, की घरही बांधणार?” वहिनीनं टोला हाणला.

मग दादानं धाकटीला गॅलरीत गाठलं. “वहिनीचं घे गं. माझं निम्मं शिक्षण कागदावरच राहिलं. तिला सांगू नकोस.”

कपड्यांच्या घड्या घालता घालता वहिनी पुटपुटली, “दादाचंच घे. अडलं की मी अजून त्यालाच विचारते. बोललीस कुठे तर बघ!”

धाकटीनं मतं मोजली: दोन इकडे, दोन तिकडे. पाचाला पाच कमी असताना तिनं डोळे मिटून बोट टेकवलं. कॉम्प्युटर सायन्स.

दादा जिंकला आणि त्याचा चेहरा पडला. वहिनी हरली आणि गालातल्या गालात हसली. दोघांचा हिशेब चुकता झाला. पदवीची चार वर्षं तेवढी धाकटीच्या नावावर पडली.