समोरच्या काठाचा नियम

वॉटीची काठी वाकली, आणि लगेच त्याच्या लक्षात आलं, हा मासा नाही, दगड आहे. सॅमन गळाला लागला की मान झटकतो, ते थेट कोपरापर्यंत जाणवतं. दगड कशाला झटकतोय? टेव्हिअट नदीच्या तळाशी असले दगड चिक्कार.

हंगामाचा शेवटचा दिवस होता. वॉटीचे गुडघे केव्हाच संपावर गेले होते. पुढच्या आठवड्यात लेक त्याला कार्लाइलला घेऊन जाणार होती, जिथून नदी दिसतसुद्धा नाही अशा घरात. म्हणजे ही त्याची इथली शेवटची मासेमारी. आणि दिवसभरात सॅमन सोडाच, बोटभर ट्राउटनेही त्याच्या गळावरच्या पिसांच्या नकली माशीला तोंड लावलं नव्हतं.

समोरच्या काठावर धाकटा भाऊ डँड उभा होता. आईला पुरताना शवपेटीची डोक्याकडची दोरी थोरल्या मुलाने धरायची असते. वॉटी उशिरा पोचला, तोवर ती डँडने धरली होती. झालं, तेव्हापासून अबोला. नऊ वर्षं एकाच डोहावर समोरासमोर, आणि तोंडातून चकार शब्द नाही. भांडायला तरी बोलावं लागतं.

पण नदीचा नियम सगळ्यांना सारखा. समोरच्याची काठी वाकली की आपला दोरा गुंडाळायचा, आणि तो एकटा असेल तर हातजाळी घेऊन मदतीला जायचं. सकाळी डँडची काठी दोनदा वाकली होती. वॉटीने दोरा गुंडाळला, पण जागचा हलला नाही. मान खाली घालून चहा पीत बसला. दोन्ही वेळा डँडची काठी रिकामीच सरळ झाली, तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला?

आता दोरा तोडून मोकळं व्हावं म्हणून वॉटीने तो मनगटाला गुंडाळला आणि सहज वर पाहिलं. डँडने आपली काठी गवतावर ठेवली होती. हातजाळी घेऊन तो मांडीभर पाण्यातून, जपून पाय टाकत, अलीकडे येत होता.

दोरा तोडला तर तो तिथूनच माघारी फिरेल. वॉटीने मनगट सोडवलं. काठी उचलली, झुकवली, दोरा थोडा सोडला, थोडा ओढला. सत्तरीचा माणूस दगडाला खेळवत होता. लाज वाटत होती. त्याहून जास्त भीती वाटत होती, डँड मध्येच थांबला तर?

डँड धापा टाकत शेजारी येऊन उभा राहिला. दोरा जिथे पाण्यात शिरत होता तिथे त्याने बराच वेळ पाहिलं. दोरा तसूभरही सरकत नव्हता.

"मोठा आहे का रे?"

"मोठाच आहे." वॉटीने काठी आणखी झुकवली. "लई जोर करतोय."

"करणारच." डँडने वाकून जाळी पाण्यात धरली. "सावकाश घे. सकाळी मी दोनदा मुद्दाम याच दगडाला गळ अडकवला, आणि तू गाढवासारखा चहा पीत बसलास."