मानसिंगतात्यांचा युरोप

“ब्रेनरचा घाट एका दमात चढायचा,” मानसिंगतात्यांनी युरोपच्या नकाशावर बोट टेकवलं. “इंजिन तापलं तरच थांबायचं, न्हाईतर न्हाई.”

“आवं, तितं रस्ता लोण्यावानी हाय,” लीलाकाकू शेंगा फोडता फोडता म्हणाल्या. “इंजिन कशानं तापतंय? तुमी स्वेटर तेवढा वर ठिवा. माथ्यावर भर उन्हाळ्यातबी गारठा असतोय.”

अंकिता हातातला चहा विसरून दोघांकडे बघत राहिली.

आठवड्यापूर्वीच ती आणि तिचा नवरा शिवतेज औंधात, तात्यांच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहायला आले होते. शिवतेजची बँकेत बदली झाली होती. अंकिता शिकायला दोन वर्षं जर्मनीत होती, हे काकूंच्या कानावर गेलं आणि आज सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली.

“आमचं हे गाडी घिऊन युरोप फिरायचं म्हणत्यात. जरा ये की. चार गोष्टी सांग त्येंला.”

अंकिता आली ती मनात वेगळंच घेऊन. सत्तरी ओलांडलेला माणूस, परका मुलूख, उलट्या बाजूची वाहतूक. काकूंना आपल्या तोंडून नकारच वदवून घ्यायचा असणार, असं तिला वाटलं होतं. गोड बोलून समजूत घालायची, आगगाडीनं जा म्हणून सुचवायचं, असं ठरवूनच ती पडवीत येऊन बसली होती.

पण तात्यांनी तिला बोलूच दिलं नाही. लष्करात त्यांनी उभी हयात ट्रक चालवले होते. बोलताना हात आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखे वर येत. खाटेवर पसरलेला नकाशा घड्यांवर कापडासारखा मऊ पडला होता. मुक्कामाच्या प्रत्येक गावावर एकेक शेंग ठेवलेली. म्युनिक, इन्सब्रुक, व्हेरोना, लुसर्न, स्ट्रासबुर्ग.

“पोरी, तुझं माहेर कुठलं?” तात्यांनी मध्येच विचारलं.

“लोणंद.”

“म्हंजे रेल्वेची माणसं तुमी. तुला मोटारीचं काय कळायचं!” तात्या खदखदून हसले.

अंकितालाही हसू आलं. तरी तिनं धीर केला. “तात्या, तिकडं गाडी उजव्या अंगानं चालवतात. स्टिअरिंग डावीकडं.”

“डायवर डोळ्यानं चालवतोय गं, हातानं न्हाई.”

“व्हय, व्हय,” काकू म्हणाल्या. “पयल्या दिशी गियर टाकाया डावा हात जायाचा आन् हातात यायचा दाराचा खटका.”

तात्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. “बघ, बघ! ही कवा शिकली गं गाडी?”

अंकितानं पुढचा मुद्दा काढला. “ऑस्ट्रियात शिरायच्या आधी काचेला...”

“टोलचा स्टिकर लावायचा,” काकूंनी वाक्य पुरं केलं. “सरहद्दीच्या अलीकडं पेट्रोल पंपावर मिळतोय. आन् इटलीतल्या जुन्या गावात गाडी घालायची न्हाई. क्यामेरं लावल्यात, दंड बसतोय.”

मोबाईलवर किती व्हिडिओ बघितले असतील ह्या बाईनं! नवऱ्याची हौस म्हणून किती मनापासून अभ्यास केलाय! अंकिताला कौतुक वाटलं, आणि आपण कशासाठी आलो होतो ते आठवून जरा ओशाळल्यासारखंही झालं. पण विचारायला तर हवंच होतं.

“तात्या, एवढा लांबचा पल्ला झेपेल तुम्हाला?”

काकूंचे हात थांबले. तात्या मात्र रागावले नाहीत.

“लडाखला होतो तवा हिला सबूद दिल्ता,” ते म्हणाले. “तुला युरोपातलं बर्फाचं डोंगर दावीन, गाडीतनं नेऊन. सुट्टी आली की कुणाचं तरी लगीन, कुणाचं तरी आजारपण. घर झालं, पोरं मार्गी लागली. हिनं एका शब्दानं इचारलं न्हाई कवा. आता न्हाई न्हेलं तर कवा न्यायचं? ही शेजारी बसली, की मला समदं झेपतंय.”

काकूंनी खाली बघून पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

अंकिता तिथंच फितूर झाली. खुर्ची पुढे ओढून ती नकाशावर वाकली. “मग स्ट्रासबुर्गच्या अलीकडं कोलमारला थांबा. रंगीबेरंगी घरं, मधून कालवा, खिडक्या-खिडक्यांत फुलं. काकूंना लय आवडेल.”

“काय नाव म्हणालीस?” काकूंनी झटकन मान वर केली. “परत सांग.”

“कोलमार.”

“कोलमार,” काकू पुटपुटल्या. तात्यांनी एक टपोरी शेंग निवडून त्या जागी ठेवली. मग कितीतरी वेळ त्या गावाबद्दल विचारत राहिले. गाडी कुठं लावायची, सकाळी उन्हं कुठल्या अंगानं येतात, जेवायला काय मिळतं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा रजेवर निघालेल्या शिपायासारखा दिसत होता.

“पोरी, तुझं माहेर कुठलं म्हणालीस?”

“लोणंद,” ती हसून म्हणाली.

दुपारी तात्या आत जाऊन आडवे झाले. काकू अंकिताला फाटकापर्यंत सोडायला आल्या. यमाईच्या डोंगरावर ऊन रणरणत होतं.

“काकू, खरं सांगू?” अंकिता म्हणाली. “मी तुम्हाला अडवायला आले होते. आता मीच म्हणते, जाच तुम्ही. तात्यांसारखा माणूस मी पाहिला नाही. विमानाची तिकिटं मी काढून देते. व्हिसाचंही बघते.”

काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

“तिकिटं नगं काढू, बाई. तीन वर्सं झाली, समदं फिरून आलो आमी. ह्येंनीच चालवली गाडी, आता आठवत न्हाई त्येंला. पर मी बघितलेली गावं आता सांगून सांगून संपली. उद्या सकाळी ह्ये परत म्युनिकपासनं इचारतील, तवा तू आनखी एखादं नवं गाव सांग.”