गंजलेली दांडी

"पाठीला हादरे नकोत," असं डॉक्टरांनी इओलांदाबाईंना बजावलं. पण इटलीतल्या फेर्रारा शहराच्या दगडगोट्यांच्या गल्ल्यांतून त्यांची सायकल काही थांबेना. शेवटी मुलगाच, फाउस्तो, पाना घेऊन आला. तेल सोडून, पिळून, घामाघूम होत त्याने सीटची गंजलेली दांडी सीटसकट उपसून काढली. आईने मुकाट्याने सायकल धरून ठेवली होती, वर लिंबाचं सरबतही दिलं.

"आता चालव बघू!" असं म्हणत तो दांडी घेऊन गेला.

रविवारी त्याच्याकडे जेवायला आई सायकलवरूनच आली. नव्या सीटखाली हादरे झेलणारी नवीकोरी स्प्रिंगची दांडी होती.

"मम्मा, ही कधी आणलीस?"

 

"माझ्या वजनाला साजेशी बघून महिन्यापूर्वीच आणलीय रे! जुनी निघता निघेना, मेकॅनिकनेही हात टेकले होते."