डबचा खण

म्हातारबुवांच्या रेकॉर्डच्या दुकानात जमैकाच्या संगीताचे चार खण होते आणि धूळ पुसता पुसता बायको रोज त्यांची वाट लावायची.

"अगं, किती वेळा सांगायचं? स्का पळतं, रॉकस्टेडी चालतं, रेगे रमतगमत जातं. आणि डब म्हणजे तेच रेगे, पण त्यातून गाणाऱ्याचा आवाज काढून टाकलेला. मागे नुसतं वाजणं आणि घुमणं उरतं."

"अहो, मला मेलीला सगळं एकच ढुमढुम ऐकू येतं," असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी डबची रेकॉर्ड पुन्हा रेगेच्या खणात कोंबायची.

चाळीस वर्षं हे भांडण बिननागा चाललं. रविवारी दुकान बंद, तर घरी चालायचं.

ती जाऊन आता आठ महिने झाले. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने रेगेच्या खणातून डबची रेकॉर्ड उपसली आणि जरा चाचरत विचारलं, "काका, ही अजूनही इथेच कशी सापडते?"



"दुकान बंद करताना मीच ठेवतो," म्हातारबुवा म्हणाले. "सकाळी आल्यावर ओरडायला काहीतरी नको का?"