गॅरंटी आहे तोवर

“घरी माणसं किती?” दुकानातल्या बाईंनी विचारलं.

“दोन,” काका म्हणाले. थोरला भाऊ जाऊन पाच महिने झाले होते, पण जिभेच्या ते अजून अंगवळणी पडलं नव्हतं.

बाईंनी तीन कुकर पुढ्यात मांडले. एक ॲल्युमिनियमचा, हलका. दुसरा स्टीलचा, जाड बुडाचा. तिसरा विजेवरचा आणि त्यात एक लहानशी वाटी. “या वाटीत लाकडाच्या ढलप्या टाकायच्या. आधी धूर, मग वाफ. मासळी, मटण, साधे बटाटेसुद्धा मस्त होतात. आणि घरभर धूर कोंडत नाही.”

काकांनी वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. भाऊ गॅलरीत पत्र्याच्या डब्यात मासळीला धूर द्यायचा आणि अख्खा जिना खोकत बसायचा. दोघांचीही लग्नं राहून गेलेली. रांधायचं भावानं, भांडी घासायची काकांनी, असं सगळं आयुष्य गेलं होतं.

“हाच द्या.”

“जमेल ना वापरायला?”

“कुठलं हो! यातलं मला ओ की ठो कळत नाही.”

हे धादांत खोटं होतं. काकांनी चाळीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळला होता. पण कुणीतरी आपुलकीनं विचारलं होतं आणि बोलणं तिथंच संपावं असं त्यांना वाटेना.

बाईंनी गॅरंटीच्या कार्डामागे एक नंबर लिहिला. “दुकानातला फोन कुणी उचलत नाही. अडलं तर यावर करा. वर्षभर घरी येऊन बघून देऊ.”

चौथ्याच दिवशी अडलं. म्हणजे काकांनी अडवलं. रबरी रिंग उलटी बसवली, झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसू दिली आणि फोन लावला.

बाई दोन बस बदलून आल्या. रिंग सरळ करायला दोन मिनिटं पुरली. पण कुकर नीट चालतो की नाही हे बघायला बटाटे लावावे लागले. शिजले की नाही हे कळायला खाऊन बघावे लागले. टेबलाच्या पलीकडच्या बाजूची भावाची खुर्ची पाच महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा ओढली गेली.

“सही कुठं करू?” काकांनी विचारलं.

“सही लागत नाही.”

पुढच्या वेळी काकांनी ढलप्या रात्रभर पाण्यात भिजवल्या. धूर काही निघेना. त्यानंतर वायर जरा सैल केली. एकदा तर वाफेच्या भोकात बटाट्याचं साल कोंबावं असं मनात आलं, पण हात पुढं होईना. बॉयलरवाल्या माणसानं वाफेची वाट अडवायची नाही. तेवढं पाप त्यांच्याच्यानं झालं नसतं.

बाई दर वेळी यायच्या. बिघाड शोधायच्या, शांतपणे समजावून सांगायच्या आणि काका शाळेतल्या पोरासारखी मान डोलवायचे. मग मासळी, नाहीतर मटण. एकदा अंडी धुरावली, ती दोघांनाही आवडली नाहीत आणि त्यावर दोघं बराच वेळ हसले.

“उशीर होत नाही ना तुम्हाला?” काका विचारायचे.

“आज दुसरीकडे जायचं नाही.”

एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण भेटली. “काय बॉयलरकाका, पाहुणे वाटतं?”

काकांना ठसका लागला. बाई वाकून चपलेचा पट्टा लावत राहिल्या. त्यांनी काही विचारलं नाही.

बघता बघता वर्ष सरत आलं. शेवटच्या खेपेला बाईंनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

“पुढच्या आठवड्यात गॅरंटी संपते, काका.”

“हो ना.”

“मग बिघडला तर काय करणार?”

“बघू,” काका म्हणाले. दोघांनीही ताटं धुवायला उचलली आणि मोरीपाशी एकमेकांना वाट देत उभे राहिले.

त्या आठवड्यात काकांचं जेवणात लक्ष लागेना. कुकर फडक्यानं पुसून तसाच ठेवून दिला. राहून राहून एकच गोष्ट त्यांना खात होती. एका गिऱ्हाइकाकडे इतक्या खेपा! मालक बाईंनाच बोल लावत असणार. आपल्या रिकामपणापायी बिचारीच्या नोकरीवर गदा यायची. तिनं एका शब्दानं कुरकुर केली नव्हती, त्यामुळे तर जास्तच लाज वाटत होती.

आधी मालकांसमोर कबुली द्यायची, मग बाईंची माफी मागायची, असं त्यांनी ठरवलं. सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला, बिल खिशात घातलं आणि दुकान गाठलं. बाई कुठं दिसल्या नाहीत. एका अर्थी बरंच झालं.

“मालक, त्या बाईंना काही बोलू नका,” काकांनी बिल पुढं केलं. “वर्षभराच्या सगळ्या तक्रारी खोट्या. कुकर पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे. मीच काहीतरी खुडबूड करायचो आणि त्यांना बोलावून घ्यायचो. एकटा असतो. दुसरं काही कारण नाही.”

एवढं बोलेपर्यंत त्यांना घाम फुटला होता.

मालकांनी चष्मा लावला आणि बिल वाचलं. तारीख पाहिली. पुन्हा पाहिली.

“काका, आम्ही कुणाच्या घरी माणूस पाठवतच नाही,” ते म्हणाले. “आणि त्या बाईंना तर मी याच तारखेला संध्याकाळी कामावरून कमी केलं. तुम्ही त्यांचं शेवटचं गिऱ्हाईक.”