चाळीस टायर

भोईवाड्याजवळच्या नव्या हमरस्त्याचा चिकणमातीचा उतार खचू लागला, तसा मुकादम लवू घाडीचा जीव थाऱ्यावर राहीना. उताराच्या पायथ्याशी वीस झोपड्या, पाऊस महिन्यावर आलेला, आणि रस्ते खात्याची कचेरी काही बांधाला दगड देईना. अशात हरताळाच्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी लॉऱ्यांचे जुने टायर टाकून रस्ता अडवला. ते हटवायचा हुकूम लवूलाच आला. त्याने उतारात पायऱ्या खोदल्या, टायर रांगेने त्यात बसवले आणि आत विटांचे तुकडे ठासले. तेवढी माती धरली गेली. निम्मा उतार मात्र उघडाच राहिला.

शेवटी तो गिरणीत काम करणाऱ्या शांता परबच्या दारात जाऊन उभा राहिला. रस्ता अडवण्यात तीच पुढे होती.

"शांताबाय, पुढचो हरताळ कधी?"

"सरकारी माणसाला कशाला ती चौकशी?"

"अजून चाळीस टायर लागतील गो. खाली माणसं झोपतात."

शांताने दार लावून घेतलं. लवू तळमळत परतला.

दोन दिवसांनी भल्या सकाळी रस्ता पुन्हा टायरांनी अडला. घोषणा द्यायला मात्र तिथे एकही माणूस नव्हता.